तुम्ही विचारलंत म्हणून : यात ख्रिस्ती असे काय आहे?

शेजारच्या घरी आजारपण आले की डबा पोहोचवावा, एकट्या राहणाऱ्या वृद्धाला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत सोबत करावी, दारी कामाला आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे, अशा गोष्टींचा उल्लेख मी बोलण्याच्या ओघात ‘आमचे धर्माचरण’ असा केला की परिचितांपैकी कोणी ना कोणी हमखास विचारते : हे तर आम्हीही करतो; आमच्या आजीने बायबल कधी पाहिलेही नव्हते, तरी तिच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही; मग यात ख्रिस्ती असे काय आहे? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याच्या स्वरात किंचित नाराजी असते तीही मला समजते, कारण साध्या माणुसकीवर कोणी आपल्या धर्माचा शिक्का मारू लागले तर ते खटकणारच.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. कृतीत ख्रिस्ती असे काहीही नाही. हे मी सौजन्याखातर म्हणत नाही. येशूच्या सर्वांत प्रसिद्ध दाखल्याचा, म्हणजे बोधकथेचा, रोखच तो आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक बाजूने निघून जातो, मंदिराच्या सेवेतला लेवीही जातो, आणि थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ज्याची उपासना येशूच्या श्रोत्यांच्या दृष्टीने भ्रष्ट होती आणि ज्याच्याशी ते संबंधही ठेवत नसत असा माणूस. त्याने काय काय केले याचा तपशील शुभवर्तमानकार लूकने बारकाईने दिला आहे. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवून, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगितले. म्हणजे तो पुढच्या प्रवासाला निघून गेला. त्याने आपले काम सोडले नाही, त्या वाटेवरच्या लुटारूंचा बंदोबस्त केला नाही, आणि जखमी माणूस बरा झाला की नाही हे दाखल्यात सांगितलेलेही नाही. ज्यांना वाटते की करुणा म्हणजे सर्वस्व सोडणे, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

मग ख्रिस्ती ते काय? माझ्या मते, सक्ती. हा शब्द अनेकांना आवडत नाही, पण दुसरा मला सापडलेला नाही. आम्हाला या गोष्टी मनाच्या लहरीवर सोडलेल्या नाहीत. त्यांचा हिशेब मागितला जाईल असे आम्हाला सांगितलेले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे वर्णन आहे आणि तिथे ज्या गोष्टी विचारल्या जातात त्यांची यादी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे : भुकेल्याला खायला दिले का, तहानलेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याच्या समाचाराला गेलात का, तुरुंगात असलेल्याला भेटलात का. पुढे चर्चने मृतांना मूठमाती देणे हे सातवे कृत्य त्यात जोडले. आजाऱ्याला बरे केले का, असे इथे विचारलेले नाही, आणि बंदिवानाला सोडवले का, असेही नाही. आजाऱ्याला बरे करणे आपल्या हाती असतेच असे नाही, पण त्याच्या घरी जाणे असते, आणि म्हणूनच न जाण्याला सबब उरत नाही.

चर्चच्या परंपरेत शारीरिक गरजांविषयीच्या या सात कृत्यांच्या जोडीला आध्यात्मिक दयेची सात कृत्येही सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे त्रासदायक माणसांना धीराने सोसणे. सगळ्या चौदांत हे मला सर्वांत अवघड वाटते, आणि या विषयावर मला जे थोडेफार कळले आहे ते फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझामुळे. तिचा जन्म १८७३ चा. १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी ती कार्मेल संघाच्या संन्यासिनींच्या मठात गेली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिने संस्था काढली नाही, दवाखाना चालवला नाही. मठात एक वृद्ध, पंगू सिस्टर होत्या, ज्यांना रोज संध्याकाळची प्रार्थना संपायच्या आत भोजनगृहात पोहोचवावे लागे, आणि त्यांचे समाधान होणे कठीण म्हणून ते काम कोणाला नको असे. तेरेझाने ते मागून घेतले. बाक कसे उचलायचे, मागून कमरपट्ट्याला कसे धरायचे, किती हळू चालायचे, याचे त्या सिस्टरांचे नियम ठरलेले होते. जरा पाय अडखळला की, तू फार लहान आहेस, मला पाडशील, असे ऐकावे लागे. भोजनगृहात बसवून त्यांच्या बाह्या ठरल्या पद्धतीने दुमडून दिल्या की काम संपत असे. पण त्यांना पाव कापताना त्रास होतो हे तेरेझाच्या लक्षात आले आणि ती तो रोज कापून देऊ लागली. हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि त्या सिस्टरांचे मन जिंकले ते त्या पावाने. या मुलीला पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ मध्ये चर्चच्या श्रेष्ठ आचार्यांच्या पंक्तीत बसवले. पाव कापून देण्यासाठी नव्हे, हे खरे. पण तिच्या शिकवणुकीतून असल्या गोष्टी काढून टाकल्या तर फारसे काही शिल्लक राहणार नाही.

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, अंथरुणाला खिळलेल्यांना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, नेतात, आणि तेव्हा सोबत जाणाऱ्यांमध्ये मी असते. प्रार्थनेला थोडाच वेळ लागतो. खरी कसोटी त्यानंतर बसून राहण्याची. रिपोर्ट मागून पाहायचे नाहीत, दुसऱ्या डॉक्टरचे नाव सुचवायचे नाही, आपल्या मावशीला हाच आजार होता ही कथा तर मुळीच सांगायची नाही. मागच्या खेपेला ऐकलेली तीच हकीकत पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकायची. हे दिसते त्याहून कठीण आहे, आणि रोज आजाऱ्याजवळ राहणाऱ्या सुनेला त्या वेळात स्वयंपाकघरात निवांत चहा घेता आला तर आमच्या भेटीचा निम्मा उपयोग तोच, असे माझे मत झाले आहे.

काही जण आणखी एक प्रश्न विचारत नाहीत, पण मनात ठेवतात : यामागे धर्मांतराचा हेतू असतो का? ही शंका महाराष्ट्रात जुनी आहे. १८९३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले ते याच वादातून. मी एवढेच सांगू शकते की मत्तयाच्या त्या अध्यायातल्या नीतिमानांना आपण कोणाला अन्न दिले हे ठाऊकच नव्हते. प्रभो, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिले, असे ते चकित होऊन विचारतात. ज्याने मनाशी हिशेब मांडून पाणी दिले त्याला असे चकित होता येणार नाही. आणि उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नये, हे वचन आमच्याकडे दरवर्षी राखेच्या बुधवारी, ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच दिवशी वाचले जाते.

एक आक्षेप मात्र मला खोडून काढता येत नाही, आणि तो बाहेरून आलेला नाही. छोटी दया ही मोठे देणे चुकवण्याची पळवाट होऊ शकते. घरकामाला येणाऱ्या बाईंना आपल्याबरोबर चहा द्यायचा, नाताळात कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, द्यायचा, आणि त्या तापाने आल्या नाहीत की त्या दिवसाचे पैसे कापायचे, हे ख्रिस्ती घरांतही चालते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, कापणी करणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरड करत आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. तिथे चहाचा उल्लेख नाही. आमच्या बायबल अभ्यासाच्या बैठकीत मी पगारी रजेचा विषय काढते तेव्हा डबा आणि भेटीगाठींवर भरभरून बोलणारी मंडळी एकाएकी आजूबाजूच्या दरांची आणि रिवाजाची भाषा बोलू लागतात, आणि म्हणून पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा काढते.