लाखीशच्या गाडीतली माणसे

प्राचीन पश्चिम आशियाचा इतिहास एम.ए.च्या वर्गाला शिकवताना ज्यूंच्या हद्दपारीचे प्रकरण मी दरवर्षी पुरातत्त्वापासून सुरू करते आणि धर्मग्रंथाकडे नंतर वळते, कारण उलट क्रमाने गेले की विद्यार्थी ‘परमेश्वराने शिक्षा केली’ एवढे वहीत उतरवून मोकळे होतात. त्या दिवशी वर्गात एक पाहुणे होते. ठाण्यात राहणारे, मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले निवृत्त शाळामास्तर. हिब्रू वाचन त्यांना वडिलांकडून मिळालेले, आणि सिनेगॉगमध्ये विलापगीत हे यरुशलेमच्या विध्वंसावरचे शोककाव्य ज्या चालीत वाचतात त्या चालीत त्यांनी ते मुलांना ऐकवावे, एवढीच माझी विनंती होती.

पडद्यावर लाखीशची शिल्पपट्टी होती. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब याने यहूदा या ज्यूंच्या राज्यातले हे तटबंदीचे शहर जिंकले आणि निनवे येथील आपल्या राजवाड्याच्या एका दालनात तो विजय दगडात कोरून घेतला. एकोणिसाव्या शतकात लेयार्ड या ब्रिटिश संशोधकाने ते दालन उकरले आणि आज ती पट्टी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वेढ्यासाठी रचलेला उतार, तटाला भिडलेली यंत्रे, सुळावर दिलेले कैदी हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येते. मी त्यांना शहरातून बाहेर पडणाऱ्या रांगेपाशी थांबवते. बैलगाडीत गाठोडी लादलेली आहेत, गाठोड्यांवर बायकामुले बसली आहेत आणि बैलांच्या फासळ्यासुद्धा शिल्पकाराने कोरल्या आहेत. सन्हेरीबाच्या लेखात ही माणसे एका आकड्यापुरती येतात: ४६ शहरे आणि २,००,१५० माणसे. राजांचे आकडे फुगलेले असतात हे गृहीत धरावे. गाडी फुगवलेली नाही.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, या गाडीतल्या बाईने काय पाप केले होते, ते बायबलमध्ये दिले आहे का?”

प्रश्न खोचक होता, पण योग्य जागी होता. मी काही बोलण्याआधी मास्तरांनी पिशवीतून आपले जुने पुस्तक काढून मीखाचा पहिला अध्याय उघडला. मीखा हा लाखीशच्याच मुलुखातला, मोरेशेथ गावचा संदेष्टा. तो लाखीशच्या रहिवाशांना रथाला घोडे जुंपायला सांगतो आणि सियोनेच्या, म्हणजे यरुशलेमच्या, पापाची सुरुवात तुमच्यापासून झाली असे तोंडावर ऐकवतो. अध्यायाच्या शेवटी लाडकी मुले हद्दपार होणार म्हणून डोके भादरून घ्यायला सांगतो. “आरोपपत्र आहे,” मास्तर म्हणाले, “पण ते शहराच्या नावावर आहे. बाईच्या नावावर नाही.”

इथून पुढे तास माझ्या टिपणांप्रमाणे चालला नाही, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. आरोपपत्राचा मसुदा कुठून आला ते मी सांगितले. तोरा म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके; त्यांतल्या ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात देवाशी केलेला करार मोडणाऱ्यांसाठी शापांची लांबलचक यादी आहे आणि तिच्या शेवटाकडे पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पांगापांग येते: तिथे पाऊल टेकायला जागा मिळणार नाही, सकाळी वाटेल संध्याकाळ व्हावी आणि संध्याकाळी वाटेल सकाळ व्हावी. त्याच यादीत डोक्यावरचे आकाश पितळेचे आणि पायाखालची जमीन लोखंडाची होईल असे म्हटले आहे, आणि अगदी त्याच धर्तीचा शाप अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने इ.स.पू. ६७२ मध्ये मांडलिकांना शपथ घालून लादलेल्या तहनाम्यात सापडतो. धमकावण्याची भाषा साम्राज्याची होती; यहूदातल्या लेखकांनी ती उचलली आणि निष्ठेचे धनीपण अश्शूरच्या राजाकडून काढून आपल्या देवाकडे दिले. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत धाडसी चाल. अश्शूर हा परमेश्वराच्या रागाची काठी आहे असे यशया हा संदेष्टा म्हणतो, आणि एकदा हे मानले की इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले तरी तो त्यांच्या मर्दूक देवाचा विजय ठरत नाही. हरलेल्यांनी आपल्या पराभवाची मालकी जेत्यांना दिली नाही. त्याची किंमत म्हणून गुन्हा स्वतःच्या माथी घेतला.

देव रागावला म्हणून देश बुडाला, ही कल्पना मात्र त्यांची एकट्यांची नव्हे. शेजारच्या मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखात, जो १८६८ मध्ये धीबान येथे उजेडात आला आणि आता लूव्ह्रमध्ये आहे, इस्राएलच्या ओम्रीने मवाबला दीर्घकाळ गांजले याचे कारण कमोश देव आपल्या भूमीवर रागावला होता असेच दिले आहे. एसरहद्दोनच्या लेखात तर गंमतच आहे: मर्दूकने बाबेल सत्तर वर्षे ओसाड राहील असे लिहून ठेवले होते, पण दया येऊन त्याने आकडा उलटा केला, आणि क्यूनिफॉर्म या कीलाकार लिपीत सत्तरची चिन्हे उलटी मांडली की अकरा होतात. राजाला शहर लवकर बांधायचे होते, देवाने हिशेब जुळवून दिला.

वेगळेपण शोधायचेच तर ते मला या ग्रंथांच्या आपसातल्या वादात दिसते. ‘राजे’ या पुस्तकाच्या मते यहूदाचा घात मनश्शे राजाच्या पापांनी केला. हा राजा ५५ वर्षे राज्य करून सुखाने मेला, आणि शिक्षा काही पिढ्यांनंतर भोगली ती यरुशलेमच्या कारागिरांनी आणि लोहारांनी, ज्यांना बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर उचलून घेऊन गेला. हे खटकते, आणि ते पहिल्यांदा आपल्याला खटकलेले नाही. नंतरच्या ‘इतिहास’ या पुस्तकात मनश्शे पश्चात्ताप करून सुधारतो आणि दोष शेवटचा राजा सिद्कीया व त्याच्या काळच्या पुढाऱ्यांवर, याजकांवर आणि लोकांवर येतो, म्हणजे ज्यांनी केले त्यांनीच भरले असा ताळेबंद जमतो. विलापगीताचा पाचवा अध्याय स्पष्ट म्हणतो की पाप बापांनी केले, ते आता नाहीत आणि भार आम्ही वाहतो. बाबेलात हद्दपार होऊन बसलेला संदेष्टा यहेज्केल हीच तक्रार म्हणीच्या रूपात ऐकवतो, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, आणि ही म्हण पुन्हा तोंडातून काढू नका असे बजावतो. चव्वेचाळिसावे स्तोत्र तर सरळ देवालाच जाब विचारते: आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरी तू आम्हांला राष्ट्रांत विखुरलेस आणि आपली प्रजा कवडीमोलाने विकलीस. फिर्याद आणि हरकत दोन्ही एकाच दप्तरात ठेवणारे संपादक मला फार मोठे वाटतात.

मग मास्तरांनी विलापगीत वाचले. आवाज थकलेला होता, पण चाल सुटली नाही. शेवटच्या अध्यायाची अखेरची ओळ, तू आम्हांला साफ टाकून दिले आहेस काय अशा अर्थाची, वाचून ते थांबले आणि तिच्या आधीची ओळ, आम्हांला आपल्याकडे परत फिरव ही, पुन्हा म्हणाले. रिवाज तसा आहे, टाकून दिल्याच्या ओळीवर पुस्तक मिटायचे नाही, असे त्यांनी सांगितले. हे पुस्तक ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला, मंदिराच्या विध्वंसाच्या उपवासाला वाचतात; त्यांच्या घरी त्या उपवासाला बिरड्याचा सण म्हणत. त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि ताटात वालाचे बिरडे.

एका मुलीने त्यांना विचारले की तुमचे पूर्वज कोकणात आले ती हीच शिक्षा का. ते थोडा वेळ बोलले नाहीत. त्यांच्या समाजाची परंपरा अशी की नौगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून वंश वाढला. घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. “पाऊल टेकायला जागा मिळणार नाही असे लिहिले आहे,” ते म्हणाले, “आम्हांला मिळाली. गावात कोणी दगड मारला नाही. तरी प्रत्येक मोठ्या सणाला आमच्या पापांमुळे आम्ही देशातून हद्दपार झालो हे मी म्हणतोच. दोन्ही म्हणतो. बाई, तुम्ही यांना समजावा.”

समजावण्यापेक्षा मी संदेष्टा यिर्मया याचे पत्र वाचायला घेतले. बाबेलला नेलेल्यांना तो लिहितो की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात आहात त्याचे भले चिंता, कारण त्याच्या भल्यात तुमचे भले आहे. शिक्षा भोगणाऱ्यांना दिलेला हा सल्ला त्यांनी मानला असावा असे दाखवणाऱ्या मातीच्या पाट्याही आहेत. बाबेलच्या मुलखात यहूदाचेच नाव असलेली, अल-याहूदू नावाची एक वस्ती होती आणि इ.स.पू. ५७२ ते ४७७ या काळातल्या, तिच्याशी व आसपासच्या गावांशी संबंधित शंभरावर पाट्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जमिनीचा खंड, जव आणि खजुराची देणी, कर, उधारी असा सगळा व्यवहार त्यांत आहे.

“शनिवार पाळत होते का?” मास्तरांनी लगेच विचारले.

ते व्यवहाराचे दस्तऐवज आहेत, त्यांत प्रार्थना येत नाहीत, असे मी सांगितले. पण हद्दपारीत जन्मलेल्या मुलांची नावे त्यांत आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांतली कितीतरी यहोवाच्या, म्हणजे त्यांच्या देवाच्या, नावावरून ठेवलेली आहेत. मास्तरांना ते पटले. कोकणात आमच्या सॅम्युएलचा सामाजी झाला आणि मोझेसचा मुसाजी, आणि पुढे गावावरून ‘कर’ लागले, पण सुंतेच्या वेळी ठेवलेले नाव हिब्रूच राहिले, असे ते म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर आपल्या पणजोबांचे नाव दोन्ही तऱ्हांनी लिहून दाखवले.