आमची वाटचाल : गंजाशी उभा दावा

जुन्या बंदुका, तलवारी, कट्यारी, पदकं गंजू न देता सांभाळणं हा आमचा धंदा. सुरुवातीला मी आणि माझा भागीदार, दोघंच होतो. नळीतून फडका ओढताना तो कुठे अडखळला एवढ्यावरून भागीदार सांगायचा, गंज वरवरचा आहे की खड्डे पडलेत. असा हात पुन्हा पाहिला नाही.

पहिली वर्षं सुरळीत गेली. मग बाजारात एकजण उतरला. ‘पारदर्शक लेप, एकदा मारा आणि विसरा’ ही त्याची जाहिरात. आमचं तेल, मेण, दर काही महिन्यांनी तपासणी, हे सगळं लोकांना एकदम जुनाट वाटू लागलं. गिऱ्हाईकं एकेक करून गेली. भागीदारानेही हिशेब मागितला. मी दिला, मनात अढी नाही. पण दोन कामगारांचे पगार थकले होते आणि दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती.

तेव्हा एकच गृहस्थ ठाम राहिले. त्यांच्याकडे जौहर, म्हणजे पोलादातच उमटलेली लाटांसारखी नक्षी, असलेली एक तलवार होती. लेपवाल्याने ती आधी बफिंग चाकावर, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, धरायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, “चाकावर जौहर गेलं की परत कोण आणणार?” आणि सगळा संग्रह आमच्याकडेच ठेवला. त्या पैशांवर आम्ही तगलो.

पुढे लेपवाल्याच्या वस्तू आमच्याच टेबलावर आल्या. लेपाखाली केसासारख्या वळवळत्या गंजरेषा. अशा रेषा पाहिल्या की माझा पहिला संशय हाताच्या घामावर जातो. घामातलं मीठ पुसून न काढता वर लेप मारला आणि हवा दमट असली, की गंज झाकणाखाली सुखाने पसरतो. आम्ही ॲसिटोनने लेप उतरवला, तेल लावून चार शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलने अलगद गंज काढला, निळाई (पोलादावर मुद्दाम चढवलेला निळसर-काळा थर) असलेल्या भागाला तर वूल लावलंच नाही. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला.

विचारलं नाहीत तरी सांगतो. बंदूक आधी रिकामी आहे का ते पाहा, मगच हाताळा, आणि तीही नायट्राइल हातमोजे घालून. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं, क्षार धातूला खातात. ओक लाकडाच्या पेटीतून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, ती टाळा. पेटीत हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ठेवा, काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहू दे. सिलिका जेल भिजलं की तापवून पुन्हा कोरडं करा, नाहीतर ते नुसतं पिशवीत पडून राहतं. व्हीसीआय कागद, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद, बंद पेटीतच काम करतो, आणि पितळ-तांबं जोडीला असेल तर तो त्यांना चालतो का हे आधी विचारा. थंड जागेतून आणलेली वस्तू लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एरवी तिच्यावर दव धरतं.

लेपवाल्याने त्या काळात गिऱ्हाइकांना पत्रं धाडली होती, ‘आधीच्यांच्या तेलानेच गंज चढला’ म्हणून. पत्राची एक प्रत आमच्या फायलीत आहे. खुलासा मात्र आजतागायत आलेला नाही.