परदेशी भांगरा

आमच्या बडोद्यात कुणी घोळ घातला की गुजराती लोक म्हणतात, ‘भांगरो वाट्यो’. भांगरा म्हणजे आपला माका. त्या दिवशी तो मी वाटला की वाटता वाटता राहिले, हे संध्याकाळपर्यंत काही ठरत नव्हतं.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कच्चा माल तपासायचं माझं काम. केसांच्या तेलासाठी भृंगराजाच्या, म्हणजे माक्याच्याच, गोण्या येतात. आत करडा-हिरवा, हात लावला की चुरा होणारा पाचोळा. पितृपंधरवडा चालू होता. सासऱ्यांचं श्राद्ध आटोपून, खीर-वड्यांची सुस्ती अंगावर घेऊन मी दुपारी अडीचला पोचले. बारा गोण्या माझी वाट बघत होत्या, आणि प्रॉडक्शनवाले त्याहून जास्त. सकाळी तेल चढवायचं होतं. मूठभर माल कागदावर पसरला. पानं, काड्या, सुकलेली बारकी फुलं. हुंगलं, पेन उघडलंसुद्धा.

तेवढ्यात गोणी उसवताना आमच्या मदतनीस बाईंच्या अंगठ्याला कटर लागलं. त्या छोटा उदेपूरकडच्या. मी मलमपट्टीचा डबा काढते आहे, आणि त्या गोणीकडे बघून हसताहेत. “बेन, लीलो होत तो आ ज चोपडी देत.” हिरवा असता तर हाच चोपडला असता.

कापल्यावर चोपडायचा पाला? मी पेन खाली ठेवलं. बघते तर तळहाताला म्हाताऱ्या चिकटलेल्या. काळं बारीक बी, वर पिसासारख्या केसांचा तुरा. माक्याच्या बीला असा तुरा नसतो. ते चपटं, खडबडीत, जिथल्या तिथे पडणारं.

मूठभर पाचोळा कोमट पाण्यात टाकला. दहा मिनिटांत पानं उलगडली. माक्याचं पान लांबट, देठ जवळजवळ नसलेलं. इथे देठ होता आणि कडेला मोठे, ओबडधोबड दाते. एका काडीला वीतभर लांब, नुसता दांडा आणि टोकाला एकच फूल. एकदांडी! म्हणजे दगडी पाला. लहानपणी कमाटीबागेत गुडघा फुटला की आजी हाच पाला तळहातावर चोळून रस पिळायची. आधी झोंबायचं, मग रक्त थांबायचं. इतकी ओळखीची वनस्पती, पण वाळून गोणीत आली तर मी तिला भृंगराज म्हणून सही देणार होते.

खात्री करायला साधन हाताशीच होतं. श्राद्धासाठी खंडेराव मार्केटमधून आणलेल्या माक्याच्या दोन काड्या स्कूटरच्या डिकीत राहिल्या होत्या. एकदांडी तर कारखान्याच्या कुंपणाशीच उभी. मधे पिवळी, भोवती मोजक्या फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. दोन्ही पाले दोन बोटांवर चोळले. माक्याचं बोट बघता बघता काळं पडलं, एकदांडीचं हिरवंच राहिलं. वाळल्या मालाला ही परीक्षा चालत नाही, पण प्रॉडक्शनच्या साहेबांना समजवायला माझी दोन बोटं पुरली.

मग पुरवठादाराला फोन. तो जराही गडबडला नाही. “बेन, आ पण भांगरो ज छे. परदेशी.” हाही भांगराच आहे म्हणे.

आणि तो खोटं बोलत नव्हता. गुजरातीत एकदांडीला परदेशी भांगरोच म्हणतात. रोप मूळचं अमेरिका खंडातलं. लिनिअसने १७५३ साली त्याचं शास्त्रीय नाव छापलं तेव्हा ठिकाण दिलं मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. म्हणजे चरक-सुश्रुतांनी हे बघितलेलंच नाही. ज्याला मी आजीचं पुरातन औषध समजत होते, ते आयुर्वेदाच्या मानाने नवंच. पण जखमेवर चालतं हे लोकांनी वापरून शोधलं. पुढे प्रयोगशाळांनीही उंदरांवर ते तपासलं आणि जखम भरायला मदत होते असं काही प्रयोगांत दिसलं. भृंगराजाच्या जागी मात्र ते चालत नाही, नावात भांगरा असला तरी.

बारापैकी पाच गोण्यांत भेसळ निघाली. माल परत गेला. साहेबांचा चेहरा पडला, तेल पुढे ढकललं. मग मला नको तो विचार सुचला. आधीच्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना काढला. पाकिटावर माझीच सही. चाळणीवर ओतला, भिंगाखाली फिरवला. कोपऱ्यात एक तुरा. एकच. तोही रजिस्टरमध्ये लिहिला आणि साहेबांना नेऊन दाखवला. त्या लॉटचं तेल विक्रीला जायचं थांबलं आणि मला जे ऐकायचं ते मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मदतनीस बाई आल्या त्या पट्टी काढूनच. अंगठ्यावर वाळलेला हिरवा लेप. “धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?” मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“ए पण लीधुं, बेन,” तेही घेतलं, असं त्या म्हणाल्या आणि पुढची गोणी ओढायला लागल्या.