पाठवाचनाची दुपार

हाताने केलेलं कार्ड कुणी माझ्या हातात ठेवलं की मी ते आधी उलटं करते. पुढची बाजू नंतर. देणाऱ्याला कधीकधी वाईट वाटतं. इतका जीव लावून केलेली फुलं पुढे आहेत आणि ही बाई मागे काय शोधते आहे! ही सवय मला आमच्या शुभेच्छापत्र मंडळाच्या वार्षिक मेळाव्याने लावली. यंदाचा मेळावा होऊन चार दिवस झाले तरी मन अजून त्या हॉलमध्येच घुटमळतंय, म्हणून लिहायला बसले.

मेळाव्याची सकाळ दरवर्षी सारखीच असते. नोंदवही, स्वागत, अहवाल, जमाखर्च, टाळ्या. अहवाल मीच वाचते, कारण गेली ११ वर्षं सचिव मीच आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. मग प्रदर्शनाची टेबलं, प्रात्यक्षिकं, कार्डांची अदलाबदल. आणि सगळ्यात शेवटी, उन्हं कलायला लागली की, पाठवाचन.

पाठवाचन म्हणजे कार्डाची पाठ वाचणं. प्रत्येकाने वर्षभरात केलेलं एकच कार्ड घेऊन उभं राहायचं, ते उलटं धरायचं आणि मागे लिहिलेलं वाचायचं. कुणाचं काम बघून हे केलं, त्यातलं काय घेतलं, काय बदललं. दोन मिनिटं. बक्षीस नाही, परीक्षक नाही.

कार्ड करणारे लोक एकमेकांचं बघूनच शिकतात. याला 'केस (CASE) करणं' असा शब्दही आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आला आणि त्याचा मूळ अर्थ 'नक्कल करा आणि सगळं वाटा' असा सांगतात. पुढे त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ 'निवडून बदल करा' असाही लावला गेला. आमच्या मंडळात आम्ही दोन्ही अर्थ धरून चालतो. मांडणी, रंग, तंत्र आणि आतला मजकूर, या चारांपैकी निदान दोन गोष्टी तरी आपल्या हव्यात, आणि उरलेल्या ज्याच्या असतील त्याचं नाव मागे हवं. हे कुठे नियम म्हणून लिहिलेलं नाही. ते सुरू कसं झालं ते मात्र मला लख्ख आठवतं.

पहिल्या मेळाव्यात आमच्या सरांनी खिडकीचं कार्ड ठेवलं होतं. सर चित्रकलेचे शिक्षक होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. साधं कार्ड. ए४ कागदाच्या अर्ध्या तुकड्याची घडी, पुढच्या पानावर कापलेली दोन दारांची खिडकी, आत निळा रंग आणि एक फांदी. दुसऱ्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या आमच्या काकूंनी तीच खिडकी घेतली आणि आत आयरिस फोल्डिंग केलं. हॉलंडमधून आलेलं हे तंत्र ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे की ते पूर्ण उलट्या बाजूने करायचं असतं. कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या कापलेल्या जागेच्या कडेपासून एकेक तिरकी लावत, आकड्यांच्या क्रमाने आत यायचं, प्रत्येक पट्टी टेपने धरायची, आणि शेवटी मधला छोटासा तुकडा झाकायचा. सुलट केल्याशिवाय काय झालंय ते कळत नाही. काकूंनी ते सुलट केलं तेव्हा खिडकीत निळ्याच्या सहा छटा एकमेकींत वळत गेल्या होत्या. आणि मागे, सगळ्या टेपा झाकणाऱ्या पांढऱ्या कागदावर, त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'खिडकी सरांची. पट्ट्या माझ्या.'

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, ब्लाउज कुणाच्या मापाचा आहे ते आपण खडूने लिहितोच की."

त्याच्या पुढच्या वर्षी सरांनी भाषण केलं. तसं ते दरवर्षी करतात, आणि दरवर्षी १८४३ पासून सुरू करतात. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचं छापील शुभेच्छापत्र काढलं, त्याच्या सुमारे १,००० प्रती निघाल्या. कल्पना कोल यांची, चित्र जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांचं, आणि छापलेल्या चित्रात रंग भरले ते तिसऱ्याच्या हाताने. सर इथे नेहमी थांबतात आणि तीन बोटं दाखवतात. पण त्या वर्षी ते तिथून मेरी डेलनींकडे गेले. अठराव्या शतकातल्या या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कातरून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं करायला घेतली, आणि दहा वर्षांत जवळजवळ १,००० फुलं केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. "आणि त्या फुलांच्या मागे काय आहे माहीत आहे का?" सरांनी विचारलं. "झाडाचं नाव, तारीख, कुठे केलं ते, आणि ते रोप ज्यांनी दिलं असेल त्यांचं नाव."

मग सरांनी काकूंचं कार्ड उचलून उलटं केलं आणि माईकवर ती ओळ वाचली. काकू पदराने चष्मा पुसत बसल्या. ते आमचं पहिलं पाठवाचन.

माझ्या मते मेळाव्याचा जीव याच तासात आहे. प्रात्यक्षिकांत हात शिकतो. एम्बॉसिंगची, म्हणजे गरम केल्यावर वितळून उठाव देणारी, पावडर शाई ओली असतानाच टाकायची, म्हणून ठसा रंगद्रव्याच्या हळू वाळणाऱ्या शाईत उमटवायचा, हे बघून पटकन कळतं. पण एखादी एरवी तोंड न उघडणारी बाई उभी राहते, कार्ड उलटं धरते, कागद थरथरतो, आणि ती वाचते, "पाकळीचा वाक ताईंचा. त्यांची पट्टी ५ मिलिमीटरची होती, मी ३ची घेतली, कारण माझं फूल लहान होतं." एवढंच. बसते. आणि पलीकडच्या रांगेत ती ताई, जिला आपल्या पाकळीकडे कुणी एवढं निरखून बघत होतं हे माहीतच नव्हतं, ती मान खाली घालते. हे दृश्य मी कितीदा पाहिलंय, आणि अजून एकदाही कोरड्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

लोक चुकाही वाचतात, तेही मला आवडतं. बँकेतले आमचे काका एकदा म्हणाले, "सरांनी सांगितलं होतं, आधी कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघा, जिकडे सहज वाकतो तिकडेच घडी घाला. मी बघितला नाही. ३०० जीएसएमचा जाड कागद ग्रेनच्या विरुद्ध दुमडला आणि घडीवर पांढरी भेग पडली. म्हणून ही वेल. ती भेगेवर आहे." त्यानंतर दोन वर्षं मंडळात घडीवरच्या वेलींची लाटच आली, आणि प्रत्येकीच्या मागे काकांचं नाव. काका आता घडी घालण्याआधी रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घेतात. भेग पडत नाही, वेल मात्र काढतातच.

आठव्या मेळाव्याबद्दल लिहायलाच हवं. त्या वर्षी मी ठरवलं की इतक्या वर्षांत झालेल्या सगळ्या खिडक्या एका टेबलावर ओळीने ठेवायच्या. घरोघरी फोन करून गोळा केल्या. १३ निघाल्या. सरांची, काकूंची आयरिसची, काकांची पॉपअप खिडकी जी कार्ड उघडलं की स्वतः उघडते, क्विलिंगच्या, म्हणजे कागदाच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या, वेलीची, धाग्याने शिवलेली, दवाखान्यात पडून असलेल्या मैत्रिणीसाठी नर्स ताईंनी केलेली. नर्स ताईंनी खिडकी अगदी खाली घेतली होती, कारण उशीवरून बघणाऱ्याला खालचंच दिसतं. हा विचार त्यांच्याशिवाय कुणाला सुचला नसता.

पाठवाचनाला सर स्वतः टेबलाच्या शेवटच्या टोकापासून निघाले. तेरावी खिडकी उलटी केली, वाचलं: 'मांडणी बाराव्या खिडकीची.' बारावीच्या मागे नर्स ताईंचं नाव. त्यांच्या मागे काकांचं, काकांच्या मागे काकूंचं. काकूंच्या मागे ती जुनी ओळ, पेन्सिल पुसट झालेली. मग सर स्वतःच्या कार्डापाशी आले. उलटं केलं. पाठ कोरी होती.

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. सरांनी शबनममधून एक पाकीट काढलं. त्यात एक जुनं कार्ड होतं, कोपरे झिजलेले, घडी कापडी पट्टीने डागडुजी केलेली. पुढे एक छोटी कापलेली खिडकी. लहानपणी सर बरेच महिने अंथरुणाला खिळून होते, तेव्हा शेजारच्या बाईंनी ते आणून दिलं होतं. त्यांनाही ते कुणीतरी दिलेलं. कुणी केलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्याही मागे काही नव्हतं.

"नाव नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही," सर म्हणाले. "पण नाव माहीत नाही, एवढं तरी लिहायला हवं होतं." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि उभ्यानेच स्वतःच्या कार्डामागे लिहिलं. मी जवळ होते म्हणून मला दिसलं: 'खिडकी ज्यांनी केली त्यांची. निळा माझा.'

आणि हे बघायला किती जण होते? नोंदवहीत सकाळी ६४ सह्या होत्या. त्या तासाला मी मोजले, २९. हे मला अजून सलतं. लोक येतात, प्रदर्शनाचे फोटो काढतात, अदलाबदलीत छान कार्डं घेतात आणि पाठवाचनाच्या आधी निघतात. लांबून येणाऱ्यांचं मी समजू शकते. पण जवळच राहणारेही निघतात. आणि मग त्यातल्या एखाद्याचं कार्ड पुढे कुठेतरी बघायला मिळतं, खिडकी तीच, वेल तीच, आणि मागे काहीही नाही. नावं घेत नाही. पण मला दुखतं. काकूंचे डोळे आता आयरिसच्या पट्ट्यांना साथ देत नाहीत. त्यांचं काम दुसऱ्यांच्या कार्डांत चालू आहे, तर त्यांना ते कळायला नको?

यंदा ३८ थांबले. मोजून लिहिते आहे.

यंदाचं शेवटचं वाचन नववीतल्या मुलीचं होतं. तिच्या आजीबरोबर येते. तिने पुन्हा खिडकीच केली होती, पण बोगद्यासारखी. पाच खिडक्या एकामागे एक, दोन्ही बाजूंना कागदाच्या चुण्या, दाबलं की सपाट, ओढलं की खोल. मागे नावं मावेनात, म्हणून तिने घडीची लांब पट्टी चिकटवली होती. ती उलगडत वाचत गेली, एका श्वासात जमेना. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'ज्यांनी केली त्या.' सर पुढच्या खुर्चीवर होते. त्यांनी पट्टीचं दुसरं टोक हातात धरून ठेवलं, जमिनीला लागू नये म्हणून.

आता आभार. डायरी उघडून बसले आहे, कारण दरवर्षी कुणीतरी सुटतं आणि मग मला वर्षभर टोचत राहतं. हॉलची किल्ली सकाळी सातला आणून देणारे भाऊ. टेबलं लावणारी चार मुलं, त्यातल्या एकाला ताप होता हे मला दुपारी कळलं. छापखान्यातून कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या वर्षभर साठवून आणणारे दादा. कटिंग मॅट आणि स्टीलच्या पट्ट्या घरून आणणाऱ्या दोघी बहिणी. हीट गनसाठी वेगळ्या बोर्डावरून वायर ओढून देणारे वायरमन काका, ज्यांच्यामुळे यंदा दिवे एकदाही गेले नाहीत. फोम टेपची रिळं आणून कधीच हिशेबात न मांडणाऱ्या खजिनदार ताई. जमाखर्च अचूक ठेवतात आणि स्वतःचा खर्च तेवढा विसरतात. माईक धरणारी मुलगी. बोलताना कुणाला हुंदका आला की ती माईक जरा बाजूला घेते, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. पाकिटांवर पत्ते लिहिणाऱ्या आजी. बोटाला कटर लागलेल्या दोघांना पट्टी बांधणाऱ्या नर्स ताई, अर्थातच. कचरा वेचताना त्यातून वापरण्याजोगे तुकडे वेगळे काढून डब्यात भरणाऱ्या मावशी. पुढच्या मेळाव्याची अर्धी फुलं त्या डब्यातूनच होतात. मागच्या वर्षी ज्यांचा उल्लेख माझ्याकडून राहिला ते पडदे लावणारे काका. काका, तुमचं नाव डायरीत पहिल्या पानावर आहे.

आणि खिडक्यांच्या टेबलावर अंथरलेला पांढरा कपडा कुणाचा होता ते मला आत्ता लिहिताना आठवलं. शिवणकामाच्या काकूंचा. त्यावर निळी शाई सांडली होती, दोनदा धुतली, कोपऱ्यात एक फिकट डाग राहिलाच. काकू, इस्त्री करून ठेवला आहे. रविवारी मीच घेऊन येते, पायऱ्या उतरू नका.