मास्तर, अर्ध्या तिकिटाचं काय?

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झालो तरी लोक मास्तरच म्हणतात. लग्नात, सलूनमध्ये, कुठंही टेकलो की एक प्रश्न ठरलेला, "काय मास्तर, बायकांना अर्धं तिकीट करून एसटीचं वाटोळं केलं की नाही?" विचारणाऱ्याच्या दारात बहुतेक वेळा मोटारसायकल असते. असो, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

१७ मार्च २०२३ ला सवलत सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा मीही कावलो होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, मशीन हातात आणि सुट्ट्या पैशांची बोंब. पुरुष मंडळी डोळे वटारून बघणार, जणू त्यांची सीट मीच विकली.

पण एका बाईची गोष्ट सांगतो. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, टप्पा सहा किलोमीटरचा. टप्पा ओलांडून एक स्टॉप पुढं गेलात तरी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. आमच्या सकाळच्या गाडीला बाजारच्या दिवशी एक मावशी असायच्या, पाटीत मेथीच्या पेंड्या. त्यांनी स्टँडचं तिकीट कधी काढलं नाही. अलीकडच्या फाट्याचं काढायच्या, तिथं उतरायच्या आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारापर्यंत चालत. एकदा म्हटलं, "मावशी, उन्हाचं कशाला चालताय?" तर म्हणाल्या, "तेवढ्यात मिठाचा पुडा येतो, मास्तर." मी गप्प. फुकट बसा म्हणावं, तर पुढं तपासणीवाले चढले की माझी नोकरी.

सवलत लागू झाली त्या आठवड्यात मावशींनी पहिल्यांदा स्टँडचं तिकीट मागितलं. नोट नीट घडी करून दिली, उरलेले पैसे दोनदा मोजले.

पूर्वी खेड्यातली बाई एकटी गाडीत चढली की कारणं तीनच असायची: दवाखाना, माहेर नाहीतर कोर्ट. घरात काटकसर करायची म्हटलं की पहिलं तिकीट तिचं रद्द व्हायचं, "तू कशाला येतेस?" असं म्हणून. आता बहिणी-बहिणी मिळून जेजुरीला निघतात, पोरीला हॉस्टेलवर डबा द्यायला जातात. एकीनं तर मला सांगितलं, "काही काम नाही हो, तालुक्याला नुसतं फिरून येते." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत बाईच्या तोंडून हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

राहिला वाटोळ्याचा मुद्दा. सवलतीची रक्कम सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. म्हणून तर पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं तिकीट शून्याचं असलं तरी ते काढावं लागतं. (आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची आधारवरची जन्मतारीख १ जून, गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जूनलाच, १९४८ साली. त्यामुळं सगळ्यांचा वाढदिवस एकदम.) सवलतीचे ते पैसे सरकारकडून वेळेवर आले नाहीत तर दोष मावशींच्या मेथीला द्यायचा का? २०२१-२२ च्या संपात आमचा प्रवासी वडापवाल्यांनी, म्हणजे खासगी जीपवाल्यांनी, नेला होता. तो परत स्टँडवर आला, त्यात या बायकांचा वाटा मोठा आहे. रिकामी गाडी काय आणि भरलेली काय, डिझेल जवळपास तेवढंच खाते.

माझी तक्रार वेगळी आहे. गर्दी वाढली त्या मानानं गाड्या वाढल्या नाहीत. खिडकीची काच अडकलेली, पावसात छत गळणारं, आणि संध्याकाळची गाडी रद्द झाली की त्याच बायका स्टँडवर अंधार पडेपर्यंत उभ्या. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा अर्धं तिकीटही पूर्वीच्या अर्ध्याएवढं राहिलं नाही. यावर मात्र मला सलूनमध्ये कुणी काही विचारत नाही.

परवा एकानं नेहमीचा प्रश्न टाकला. मी म्हटलं, "वहिनी दिसल्या नाहीत बरेच दिवस?"

"गोंदवल्याला गेलीय, भजनी मंडळाबरोबर."

"कशानं?"

"एसटीनं," म्हणाला, आणि न्हाव्याकडं वळून, "कानामागं जरा बारीक कर रे."