तुम्ही विचारलंत म्हणून: फोडायचेच आहेत, तर रेणू आधी एका दिशेत का आणायचे?

माझ्या कामाबद्दल चार वाक्ये सांगितली, की ऐकणारा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो. लेसरच्या स्पंदाने (अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या झोताने) आधी रेणू एका दिशेत आणायचे आणि लगेच दुसऱ्या स्पंदाने त्यांचे तुकडे करायचे; फोडायचेच असतील, तर दिशेत आणण्याची खटपट कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: तुकडे करणे हीच आमची पाहण्याची रीत आहे, आणि ज्याचे तुकडे केले तो रेणू कोणत्या दिशेला पडला होता हे ठाऊक नसेल, तर पाहिलेल्यातला मोठा भाग सरासरीत बुडून जातो. मात्र या एका वाक्यामागे भौतिकशास्त्राचा जो भाग आहे तो मला फार प्रिय आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

मिथाइल आयोडाइडचा रेणू घ्या. एका कार्बनला तीन हायड्रोजन आणि एक आयोडिन, एवढीच त्याची रचना. वायुरूपात असे असंख्य रेणू गरगरत असतात आणि त्यांचे कार्बन-आयोडिन अक्ष एकाच वेळी सर्व दिशांना रोखलेले असतात. अशा गर्दीवर कोणताही प्रयोग केला, तरी हाती येणारे मापन हे सर्व दिशांची सरासरी असते. अक्षाच्या दिशेने येणारे विद्युतक्षेत्र आणि अक्षाला आडवे येणारे विद्युतक्षेत्र यांचा रेणूवरचा परिणाम अगदी वेगळा असतो, पण सरासरीत तो फरक दिसेनासा होतो.

प्रकाशाने रेणू फिरतो कसा, याबद्दल सर्वांत सहज सुचणारे उत्तर चुकीचे आहे. मिथाइल आयोडाइडला स्वतःचे कायमचे विद्युत द्विध्रुव असते, म्हणजे त्याचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात होकायंत्राची सुई वळते तसा हा रेणू विद्युतक्षेत्रात वळत असेल, असे वाटते. पण ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात विद्युतक्षेत्र दर १.३ फेम्टोसेकंदांनी आपली दिशा उलटी करते (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग), आणि रेणूसारखी जड वस्तू त्याच्या मागे धावू शकत नाही. कायमच्या द्विध्रुवावर पडणारा जोर एकदा इकडे आणि एकदा तिकडे असा पडून शून्य होतो. उरते ते प्रेरित द्विध्रुव, म्हणजे क्षेत्रामुळेच तात्पुरते तयार होणारे. क्षेत्र रेणूतील इलेक्ट्रॉनांचा मेघ किंचित सरकवते, आणि हा मेघ रेणूच्या अक्षाच्या दिशेने जितका सहज सरकतो तितका आडव्या दिशेने सरकत नाही. क्षेत्र उलटले की प्रेरित द्विध्रुवही उलटते, त्यामुळे दोघांच्या गुणाकाराचे चिन्ह तेच राहते आणि फिरवणारा जोर प्रत्येक आवर्तनात त्याच बाजूने लागत राहतो. रेणूचा अक्ष प्रकाशाच्या ध्रुवणाच्या रेषेकडे, म्हणजे विद्युतक्षेत्र ज्या रेषेत मागेपुढे होते तिच्याकडे, ओढला जातो तो या कारणाने. हे पहिल्यांदा नीट समजले तेव्हा झालेला आनंद मला आजही जाणवतो, कारण इथे क्षेत्राची अतिवेगवान उलथापालथ अडथळा न ठरता हिशेबातून आपोआप वजा होते.

हा जोर मोठा नसतो. चौरस सेंटीमीटरला एक लाख कोटी वॅट इतकी तीव्रता असलेल्या स्पंदाने आयोडिनच्या द्विअणू रेणूभोवती तयार होणारा ऊर्जेचा खड्डा तापमानाच्या भाषेत साधारण १०० केल्विन खोल असतो. खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ३०० केल्विनला, रेणू इतक्या जोमाने फिरत असतात, की असा खड्डा त्यांना फारसा अडवू शकत नाही. म्हणून रेणूंची वाफ हेलियम किंवा आरगॉनच्या मोठ्या साठ्यात मिसळून ती बारीक छिद्रातून निर्वातात सोडतात. प्रसरण पावताना वायू थंड होतो आणि रेणूंचे फिरणे काही केल्विनपर्यंत मंदावते. या शीतकरणाबद्दल कोणी विचारत नाही, पण माझ्या मते प्रयोगाचे निम्मे यश तिथेच ठरते.

पुढे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात नॅनोसेकंदांचा लांब स्पंद वापरतात. तो रेणूच्या फिरण्याच्या तुलनेत इतका सावकाश चढतो, की रेणू हळूहळू खड्ड्यात स्थिरावतात आणि स्पंद उतरला की पुन्हा मोकळे होतात. ब्रेटिस्लाव फ्रीड्रिख आणि डडली हर्शबाख यांनी १९९५ मध्ये याचे सैद्धांतिक भाकीत केले होते, आणि १९९९ च्या सुमारास डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठात हेन्रिक स्टापेलफेल्ट यांच्या गटाने आयोडिन, मिथाइल आयोडाइड, आयोडोबेंझीन अशा रेणूंवर ते प्रत्यक्षात आणले. दुसऱ्या मार्गात शे-दोनशे फेम्टोसेकंदांचा आखूड स्पंद रेणूंना नुसता एक धक्का देतो. स्पंद संपल्यावर सगळे रेणू ध्रुवणाच्या रेषेकडे झुकतात, क्षणभर जुळतात आणि विखुरतात. मात्र फिरण्याच्या क्वांटम अवस्थांच्या ऊर्जा ठरावीक गणिती क्रमात असल्यामुळे काही काळाने त्या सर्व लहरी पुन्हा एका ठेक्यात येतात आणि रेणू, कोणतेही क्षेत्र नसताना, आपले आपण परत एका रेषेत येतात. मिथाइल आयोडाइडसाठी हे पूर्ण पुनरागमन सुमारे ६७ पिकोसेकंदांनी (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) होते, तर जड आयोडिन रेणूसाठी सुमारे ४४६ पिकोसेकंदांनी. आयोडिनच्या बाबतीत २००१ मध्ये रोस्का-प्रुना आणि फ्राकिंग यांनी ते मोजून दाखवले. मला हा दुसरा मार्ग अधिक आवडतो, कारण रेणू जुळलेले असतात तेव्हा त्यांच्यावर पहिल्या लेसरची सावलीही नसते आणि पुढचे मापन स्वच्छ होते.

या सगळ्यात हॅलोजनयुक्त, म्हणजे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन या कुळातले अणू असलेले, रेणूच इतके का वापरले जातात? आयोडिन आणि ब्रोमिन यांचा इलेक्ट्रॉन-मेघ मोठा आणि सैल असतो, त्यामुळे अक्षाच्या दिशेने तो सहज सरकतो. त्यांचे वस्तुमान जास्त असल्याने रेणू सावकाश फिरतो. कार्बन-आयोडिन बंध तोडायला सुमारे २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणू-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) पुरतात, तर मिथाइल फ्लोराइडमधील कार्बन-फ्लोरिन बंधाला साधारण दुप्पट ऊर्जा लागते. शिवाय तुटलेला हॅलोजन बहुतेक वेळा बंधाच्याच रेषेत सुटतो आणि मापनात चटकन ओळखता येतो: आयोडिनचे निसर्गात १२७ वस्तुमानाचे एकच स्थिर समस्थानिक असल्याने वस्तुमानाच्या आलेखावर त्याचे एकच टोकदार शिखर उमटते, तर ब्रोमिनची ७९ आणि ८१ या जागी जवळजवळ सारख्या उंचीची जोडी दिसते.

आता फोडण्याकडे वळू. दुसरा स्पंद साधारण ३० फेम्टोसेकंदांचा आणि चौरस सेंटीमीटरला एक कोटी गुणिले एक कोटी वॅट इतक्या तीव्रतेचा असतो. या तीव्रतेला प्रकाशाचे विद्युतक्षेत्र दर नॅनोमीटरला सुमारे २७ व्होल्ट होते, म्हणजे रेणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन ज्या क्षेत्राने धरून ठेवतो त्याच्या पंक्तीला जाऊन बसते. इलेक्ट्रॉन एकामागून एक निघून जातात, मागे उरलेले धनभारित भाग एकमेकांना ढकलतात आणि रेणू फुटतो. याला कूलोम स्फोट म्हणतात. मिथाइल आयोडाइडचे दोन इलेक्ट्रॉन गेले आणि एकेक भार दोन्ही टोकांना राहिला असे समजू. बंधाची लांबी २.१४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आहे, त्यावरून दोन बिंदुभारांमधील ऊर्जा ६.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघते. संवेग दोघांना सारखाच मिळत असल्याने त्यातले सुमारे सहा इलेक्ट्रॉनव्होल्ट हलक्या मिथाइल आयनाच्या, म्हणजे कार्बन आणि तीन हायड्रोजन यांच्या भारित तुकड्याच्या, वाट्याला येतात आणि तो सेकंदाला साडेआठ किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जा सहसा या आकड्यापेक्षा कमी भरते. स्पंद चालू असतानाच बंध ताणला जातो, आणि एका विशिष्ट अंतरावर दुसरा इलेक्ट्रॉन काढणे अचानक सोपे होते, त्यामुळे खरा स्फोट मूळ लांबीवर न होता ताणलेल्या लांबीवर होतो. मापलेल्या ऊर्जेवरून बंधाची लांबी सरळ काढू पाहणाऱ्याने हे सतत लक्षात ठेवावे लागते.

सुटलेले आयन विद्युत भिंगातून (विद्युतक्षेत्राने आयनांची वाट वळवणाऱ्या रचनेतून) एका शोधकावर (डिटेक्टरवर) पडतात, त्यामागचा स्फुरदीप्त पडदा चमकतो आणि कॅमेरा प्रत्येक आयनाचा एक ठिपका टिपतो. एकाच वेगाचे आयन कुठेही जन्मले तरी एकाच जागी पडावेत अशी भिंगाची रचना १९९७ मध्ये एपिंक आणि पार्कर यांनी दिली, आणि तेव्हापासून ही चित्रे कमालीची रेखीव झाली. रेणू विस्कळीत असतील तर आयोडिन आयनांचे ठिपके गोल कड्यात पसरतात. रेणू जुळले की ते कडे दोन्ही बाजूंना विरत जाते आणि वर-खाली दोन आखूड, भरीव कमानी उरतात. मध्याजवळ मंद आयनांचा एक वेगळा पुंजका असतो. ते तुकडे अशा रेणूंचे असतात ज्यांचा एकच इलेक्ट्रॉन गेला आणि जे ढकलाढकलीशिवाय तुटले.

इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल मी आग्रहाने बोलतो. अशा दोन कमानी दिसल्या म्हणजे रेणू जुळले, असा निष्कर्ष काढता येत नाही. जे रेणू योगायोगाने ध्रुवणाच्या रेषेत होते त्यांचेच इलेक्ट्रॉन अधिक सहज निघतात, म्हणून तेच अधिक फुटतात, आणि एकही रेणू वळलेला नसताना हेच चित्र मिळते. ३० फेम्टोसेकंदांत मिथाइल आयोडाइडचा रेणू नगण्यच फिरू शकतो, तरी एकट्या तीव्र स्पंदाने त्याच्याही चित्रात कमानी उमटतात. याची खातरजमा करण्याचा उपाय साधा आहे: फोडणाऱ्या स्पंदाचे ध्रुवण पडद्याला काटकोनात ठेवायचे, म्हणजे पडद्याच्या पातळीत त्याचा कोणत्याही दिशेकडे कल राहत नाही. तरीही कमानी टिकल्या, तर त्या पहिल्या स्पंदाने जुळवलेल्या रेणूंच्या आहेत. ही तपासणी नसलेले चित्र कितीही सुंदर असले, तरी मी ते पुरावा मानत नाही.

दोन स्पंदांच्या मध्ये तिसरा, सुमारे २६६ नॅनोमीटरचा अतिनील स्पंद घातला, की खरी गंमत सुरू होते. तो कार्बन-आयोडिन बंध भारांशिवाय, शंभरेक फेम्टोसेकंदांत तोडतो. पिरॅमिडसारखा असलेला मिथाइल गट दूर जाताना सपाट होतो. फोडणारा स्पंद जितका उशिरा येईल तितके दोन तुकडे एकमेकांपासून दूर गेलेले असतात आणि तितकी त्यांची कूलोम ऊर्जा कमी भरते, म्हणून तुटणाऱ्या बंधाचे अंतर क्षणाक्षणाला वाचता येते.

‘मग हवा तो बंध हवा तेव्हा कापता येतो का?’ हा पुढचा प्रश्न असतो. ब्रोमिन आणि क्लोरिन दोन्ही असलेल्या रेणूत स्पंदाचा आकार बदलून कोणता तुकडा किती निघेल याचे प्रमाण हलवता आले आहे, पण तीव्र क्षेत्रात एकाच वेळी अनेक वाटा उघडतात आणि पूर्ण ताबा मिळत नाही.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. प्रेरित द्विध्रुवाला टोक आणि शेपूट यांतला फरक कळत नाही, त्यामुळे जुळलेल्या रेणूंपैकी निम्म्यांचे आयोडिन वर असते आणि निम्म्यांचे खाली. तो भेद मिटवायला जोडीला स्थिर विद्युतक्षेत्र किंवा ८०० आणि ४०० नॅनोमीटर अशा दोन रंगांचा स्पंद लागतो. रेणूचा एकच अक्ष न पकडता पूर्ण रेणूच अवकाशात स्थिर करायचा असेल, तर लंबवर्तुळी ध्रुवणाचा स्पंद वापरतात. २००० मध्ये स्टापेलफेल्ट यांच्याच गटाने डायब्रोमोथायोफीनवर ते करून दाखवले.

जुळवणे नेहमीच लागते असेही नाही. २०१३ मध्ये फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी ब्रोमोक्लोरोफ्लोरोमिथेनचा एकेक रेणू फेम्टोसेकंद लेसरने पाच तुकड्यांत फोडला, पाचही आयन एकत्र टिपले आणि त्यांच्या संवेगांवरून तो रेणू डावा होता की उजवा, म्हणजे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी कोणता, हे थेट ओळखले. सगळे तुकडे हाती आले तर रेणू कसा पडला होता हे नंतरही काढता येते. पण आयोडोबेंझीनसारखा बारा अणूंचा रेणू घेतला, की एकाच रेणूचे सगळे तुकडे एका वेळी पकडणे जवळजवळ अशक्य होते. तिथे एक-दोन आयनांवरच सगळी मदार असते, आणि त्या आयनांना अर्थ यावा म्हणून रेणू आधीच एका दिशेत आणावा लागतो.