ओढत नाही म्हणून आलेली जीप

आमचं गॅरेज साखरप्याला, आंबा घाटाच्या पायथ्याशी. सीझनमध्ये कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या गाड्या घाटात कुरकुरल्या की मागे फिरून आमच्या दारात. तशीच ही जुनी जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, ओढत नाय. क्लच गेला वाटतं." वाटेत कुणीतरी डिझेल फिल्टर बदलून पैसे घेतलेलेच होते. ओढत नाही म्हटलं की फिल्टर, ही हायवेवरची रीतच झालीय.

मी आधी चाकांशी हात नेला. चारही ब्रेक ड्रम भाजत होते, म्हणजे ब्रेक सुटतच नव्हते. एकच चाक तापलं असतं तर त्या चाकाचं सिलेंडर नाहीतर होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, बघितला असता. चारही म्हणजे मास्टर सिलेंडर, पेडल दाबलं की सगळ्या चाकांना तेल ढकलणारं. पेडलला प्ले, म्हणजे मोकळी चाल, बरोबर होता. मागच्या एका चाकाचा हवा काढायचा निपल सैल केला, तेलाची पिचकारी उडाली आणि चारही चाकं मोकळी. जुनी सिंगल लाईन ना, एकीकडून सुटलं की सगळीकडून सुटतं.

या जिपांचं मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याखाली. तिथे वाकून कोण बघतोय! झाकण काढून थोडं तेल ग्लासभर पाण्यात टाकलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. हे वर तरंगत राहिलं. खनिज तेल. त्यात ब्रेकचं रबर फुगतं, मास्टरमधला फुगलेला रबरी कप तेल परत जायचं बारीक भोक झाकतो, आणि पाय काढला तरी प्रेशर लाईनमध्येच अडकून राहतं. क्लचचा यात काही संबंध नाही.

मालक फोनवर, "तेल काढा, नवीन भरा नि सोडा. माल उन्हात आहे." फुगलेलं रबर पुन्हा बसत नाही, हे त्यांना पटेना. मी गाडी सोडली नाही. शेवटी पेट्या दुसऱ्या टेम्पोत गेल्या. मास्टरचं रबराचं किट, चारही चाकांची किटं, सगळे होज नवे. पाइप स्पिरिटने धुऊन हवेने सुकवले. मग सीलबंद डब्यातलं डॉट ३ ब्रेक ऑइल. उघडा डबा मी ठेवतच नाही. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १४०च्या आसपासही उकळू शकतं, आणि पावसाळ्यात आमच्या हवेत पाणी मुरायला वेळ लागत नाही. मास्टरपासून सर्वांत लांबचं, मागचं डावं चाक आधी धरून लाईनमधली हवा काढली. पेडल दगडासारखं लागलं.

तोवर सीटखाली डबा सापडला. ब्रेक ऑइलचाच, लेबल स्पष्ट. आत स्टेअरिंगचं उरलेलं तेल. ते कुणी ओतून ठेवलं, कधी, काही कळलं नाही. ड्रायव्हरने लेबल वाचूनच भरलं होतं. त्याचं काय चुकलं?

मालकांनी बिल दिलं, पण पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापणार म्हणाले. मी म्हटलं, "काका, डबा तुमच्या बागेतनं आलाय." ते त्यांना लागलं. आता त्यांची गाडी पालीला सर्व्हिसिंगला जाते.